तुम्ही स्ट्रेट असाल आणि ओळखीत कुणी गे असेल तर नक्की काय करायचं

उद्या ऑफिसला गेलात की एक करून बघा. दिवसभर बोलण्यात बायको, नवरा, गर्लफ्रेंड, कुणाचाच उल्लेख येऊ द्यायचा नाही. शनिवार-रविवारी कुठे गेलात, आत्ता फोन कुणाचा होता, डबा कुणी केला, दिवाळीत गावी कोणकोण जाणार, कशातच नाही. मराठीत तर अजून अवघड, कारण 'आला होता' की 'आली होती' इथेच सगळं कळतं, म्हणून मग आम्ही 'रूममेटबरोबर गेलेलो', 'घरी पाहुणे होते' असं काहीतरी सांगत राहतो. मी गे आहे आणि माझ्यासारखे कितीतरी जण हे रोज करतात, वर्षानुवर्षं. तुम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंतच दमायला होईल.

हे तुम्हाला करावं लागत नाही, हाच तुमचा फायदा. त्यात तुमचा काही दोष नाही, पण तो तुमच्याकडे आहे तर दुसऱ्याच्या कामी कसा आणायचा ते सांगतो.

आधी 'आता ३७७ (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम) गेलं ना, मग प्रॉब्लेम काय' हे म्हणणं सोडा. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आम्हाला गुन्हेगार ठरवणं थांबवलं, तेवढंच. लग्नाचं काय, तर १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. म्हणजे लग्नाबरोबर तुम्हाला जे आपोआप मिळतं, वारसा हक्क, फॅमिली पेन्शन, ते आम्हाला नाही. साधी गोष्ट घ्या, तुम्ही बायकोला पाच लाख गिफ्ट दिले तर त्या गिफ्टवर तिला टॅक्स नाही, पण माझ्या पार्टनरने मला वर्षात ५० हजारांच्या वर दिले तर सगळी रक्कम माझ्या उत्पन्नात धरतात, कारण कायद्याच्या लेखी आम्ही एकमेकांचे कुणी नाही.

म्हणून सगळ्यात उपयोगी काम सांगतो, आणि हे कुणीच करत नाही. मित्राला मृत्युपत्र करायला लावा आणि स्वतः साक्षीदार व्हा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही (केलेलं बरं), पण दोन साक्षीदार लागतात आणि आमची तिथेच अडचण होते, कारण साक्षीला बोलवलं की त्या माणसाला आपलं सगळं कळेल अशी भीती असते. साक्षीदार शक्यतो वयाने लहान, सहज सापडणारा आणि उद्या एखाद्या काकाने भांडण काढलं तर कोर्टात उभा राहणारा असावा. असा माणूस होता येत असेल तर व्हा. बँकेचं थोडं सोपं झालंय, अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की जॉइंट अकाउंट काढायला किंवा पार्टनरला नॉमिनी करायला आमच्यावर काही बंधन नाही, पण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही, तेव्हा सोबत जा. आणि नॉमिनी केला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण हक्क वारसांचा राहतो, त्यामुळे मृत्युपत्र हवंच.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही भाऊ किंवा बहीण म्हणून उभे असाल तर तुमचा शब्द चालतो, पार्टनरचा चालेलच याची खात्री नाही. तिथे स्पष्ट सांगा की हा त्याचा माणूस आहे, डॉक्टरांनी जे काय सांगायचं ते याच्यासमोर सांगा. त्याला बाहेर बाकावर बसवून तुम्ही आत जाऊ नका.

आता घरचं. सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. पोराने सांगितलं की आधी रडारड, मग 'एकदा लग्न कर, सगळं ठीक होईल', मग कुणीतरी बुवा नाहीतर डॉक्टर सुचवतो. तुम्ही चुलतभाऊ असा, वहिनी असा, इथे मध्ये पडा. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलंय, आणि २०२२ पासून नॅशनल मेडिकल कमिशनच्या मते असं 'बरं' करायला जाणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. आणि जिच्याशी लग्न लावून देणार त्या मुलीचा विचार कोण करणार? तिचं अख्खं आयुष्य जातं त्यात. मुलीला मुली आवडत असतील तर हे अजूनच वाईट, दोन मैत्रिणी एकत्र राहतात यावर कुणी काही बोलत नाही पण पंचविशी आली की स्थळांचा मारा सुरू होतो आणि नाही म्हणायची सोयच नसते. मावशी स्थळ घेऊन आली तर विषय तुम्ही बदला, दर वेळी त्या मुलीनेच का लढायचं. आईबाबांना कुणाशी बोलायचं असेल तर मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'ते दोघं कोण, बायका का येत नाहीत' असं निघालं तर अॅग्रीमेंट झालंय, पोलिसांत नोंद आहे, पुढची चौकशी आपली नाही, एवढं बोला. तुमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर ब्रोकरला आधीच सांगून ठेवा की दोन पुरुष किंवा दोन बायका जोडपं म्हणून राहणार असतील तरी चालेल. ऑफिसात कुणी 'बायल्या', 'छक्का' म्हणून हसवलं तर हसू नका, तिथेच 'असं नको बोलूस' म्हणा. समोर बसलेल्यांपैकी कुणी गे असेल तर त्याला स्वतः बोलणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

कुणी तुम्हाला विश्वासाने सांगितलं तर 'मला आधीच वाटलं होतं' नको, आणि कौतुकाच्या भरात बायकोला, ग्रुपवर, कुठेच नको. कुणाला कळल्याने कुणाची नोकरी, कुणाचं घर जातं. सरळ विचारा, अजून कुणाला माहीत आहे आणि तुझ्या आईचा फोन आला तर मी काय सांगू? मग त्याने सांगितलंय तेवढंच बोला. आणि घरी वास्तुशांत असेल, पोराचं बारसं असेल, तर दोघांना नाव घेऊन बोलवा, पंगतीला शेजारी-शेजारी बसवा, आणि कुणी 'हे कोण' विचारलं तर काय सांगायचं ते त्या दोघांना आधीच विचारून ठेवा.