जिनिव्हाला तक्रार करण्याआधी: मानवाधिकाराच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मानवाधिकाराच्या कामात यायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. एमए झालेलं असतं, संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवाधिकारांचा जाहीरनामा, त्यातली ३० कलमं, पहिल्या कलमातलं 'सर्व पुरुष' बदलून 'सर्व माणसं' करायला लावणाऱ्या हंसा मेहता, हे सगळं माहीत असतं. त्यामुळे ते मी परत सांगत नाही. एकच गोष्ट सांगायचीय, पण सविस्तर, कारण ती मला वेळेवर कुणी सांगितली नाही आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच एका बाईला पडला.

२०१५ साल. मी एका छोट्या संस्थेत नवीन होते. पारधी वस्तीवरची एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. तिच्या मुलाला चोरीच्या संशयावरून उचललं होतं, तीन दिवस ठेवलं, मारलं आणि सोडून दिलं, अटक कुठे दाखवलेलीच नाही. पिशवीत ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, आधारची झेरॉक्स आणि वरच्या ऑफिसला दिलेल्या अर्जाची पोहोच. घटनेला चार महिने होऊन गेले होते. तिने विचारलं, "ताई, हे कुठवर नेता येईल?" मी म्हणाले, "जिनिव्हापर्यंत, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेऊ." ती म्हणाली, "मग न्या."

पुढचे आठ महिने मी रात्री जागून इंग्रजीत तक्रार लिहिली. संयुक्त राष्ट्रांचा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार, त्यातलं छळाविरुद्धचं कलम ७, कोठडीतल्यांना माणुसकीने वागवायचं कलम १०, समितीचे जुने निर्णय, सगळं जोडलं. भारत त्या करारात १९७९ साली सामील झालाय एवढं मला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यावरच मी निघाले होते. शेवटी एकदा नजरेखालून घाला म्हणून जिल्हा कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकीलबाईंना फाइल दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "पहिला ऑप्शनल प्रोटोकॉल आपण मान्य केलाय का?"

केलेला नाही. आजही नाही.

आता हे नीट समजून घ्या, हीच ती जागा आहे जिथे मी अडकले. करारात सामील होणं म्हणजे देशाने काही बंधनं स्वीकारली आणि ठरावीक काळाने समितीला अहवाल द्यायचं कबूल केलं. पण तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने त्या समितीकडे थेट तक्रार करायची तर देशाने त्यासाठी वेगळी मान्यता द्यावी लागते, कुठे ऑप्शनल प्रोटोकॉल असतो, कुठे करारातलंच एखादं कलम, आणि भारताने ही वैयक्तिक तक्रारीची सोय एकाही मानवाधिकार करारात मान्य केलेली नाही. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या करारात नाही, वंशभेदाच्या नाही, अपंगांच्या हक्कांच्याही नाही. छळाविरुद्धच्या करारावर तर १९९७ मध्ये नुसती सही झाली, रॅटिफिकेशन, म्हणजे करार बंधनकारक करणारी पक्की मान्यता, झालंच नाही. सही वेगळी, रॅटिफिकेशन वेगळं, तक्रारीची मान्यता तिसरीच. आणि समजा मान्यता असती, तरी देशातले उपाय करून संपल्याशिवाय समिती सहसा हातच लावत नाही. माझी तक्रार कितीही चांगली लिहिलेली असली तरी तिला जायला दारच नव्हतं.

त्यात भर नावांची. मानवाधिकार परिषद वेगळी, मानवाधिकार समिती वेगळी. परिषद २००६ साली आली, तिथे ४७ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी बसतात. समिती म्हणजे त्या करारावर लक्ष ठेवणारे १८ तज्ज्ञ. इंग्रजीत दोन्हींची आद्याक्षरं एकच, आणि बातम्यांमध्ये दोन्हींना काहीही म्हणतात. अर्ज, बातमी, नोटीस, काहीही लिहिण्याआधी आपण नक्की कुणाशी बोलतोय ते तपासा.

आणि खरं नुकसान इथे झालं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या कायद्यात, १९९३ च्या, कलम ३६(२) आहे: घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग त्या प्रकरणाची चौकशी करू शकत नाही. वकीलबाईंनी कॅलेंडर काढून मोजलं. वर्ष होऊन अकरा दिवस झाले होते. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकला असता तर ते दार उघडं होतं. मी ते क्षुल्लक समजून बाजूला ठेवलं आणि जिनिव्हाच्या मागे लागले. त्या बाईला हे सांगायला वस्तीवर गेले तेव्हा तिने आधी मला पाणी दिलं. मी सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तारीख गेली." हो, तारीख गेली होती.

म्हणून हात जोडून सांगते, कुणी कागद घेऊन आलं की आधी तारीख विचारा. करार, कलम, जिनिव्हा सगळं नंतर.

पण हे वाचून घाबरून परत फिरू नका, कारण बाहेरचे सगळेच रस्ते बंद नाहीत. छळाच्या विषयावर १९८५ पासून स्पेशल रॅपोर्टर आहे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ. त्यांच्याकडे माहिती पाठवायला देशाने करार मान्य केलेला असावा लागत नाही, देशातले उपाय संपलेले असावे लागत नाहीत. ते सरकारला पत्र लिहितात, साधारण ६० दिवस उत्तराची वाट बघतात आणि मग पत्र आणि आलेलं उत्तर दोन्ही जाहीर होतं. हे 'जाहीर होतं' पीडिताला त्याच्या भाषेत समजावून सांगा, नाव जाऊ द्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, लेखी संमती घ्या. तुम्ही बस पकडून शहरात परत येता, त्याला त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहायचं असतं.

दुसरा रस्ता यूपीआरचा, म्हणजे मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाच्या मानवाधिकारांचा जो ठरावीक काळाने आढावा होतो त्याचा. दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची फेरी येते, भारताची शेवटची २०२२ च्या नोव्हेंबरात झाली. संस्था एकटी अहवाल देत असेल तर २८१५ शब्द, अनेकींनी मिळून दिला तर ५६३०. एवढ्यात काय बसवायचं आणि काय गाळायचं यावर संस्था-संस्थांमध्ये अक्षरशः भांडणं होतात, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथेच होतं.

मॉडेल यूएनवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटुच्या संयुक्त राष्ट्र परिषदांवर, हजारो रुपये घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. सूट घालून ठराव मांडता येणं चांगलंच, पण त्याने एमएलसी, म्हणजे पोलिस प्रकरणात दवाखान्याने केलेली जखमांची नोंद, वाचता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, जिनिव्हात खोलीचं भाडं भरून ती कुणाला परवडते हा प्रश्न मला आजही छळतो, त्यामुळे ती नाही मिळाली म्हणून स्वतःला कमी समजू नका. मेंटॉर निवडताना त्याचे जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेसमधले फोटो बघू नका, तुमच्या मसुद्यावर तो खुणा करतो का ते बघा. तालुका-जिल्हा कोर्टातल्या वकिलांइतकं मला कुणीच शिकवलं नाही.

आणि मराठी येतं हे या कामात फार मोठं भांडवल आहे, ते वाया घालवू नका. त्या मुलाच्या आईने मला सांगितलं होतं, "तळपायावर मारलं, चार दिवस त्याला चप्पल घालता आली नाही." मी इंग्रजी मसुद्यात लिहिलं 'पायाला इजा'. वकीलबाईंनी ते खोडलं. तळपायावर मारणं हा छळाचा ओळखीचा प्रकार आहे, छळाच्या नोंदी कशा घ्यायच्या यासाठी १९९९ पासून इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, त्यात तो नाव घेऊन दिलाय. चप्पल घालता न येणं हा पुरावा होता आणि मी तो सफाईदार इंग्रजीच्या नादात घालवत होते. कुठल्या पायाला, कशाने, किती वेळ, नंतर कसा चालला, हे तिच्याच शब्दांत आधी मराठीत लिहून घ्या. भाषांतर दुसऱ्या दिवशी करा.

पगाराचंही आधीच सांगते. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याच्या, २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद केलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे छोट्या संस्थांचं कंबरडं मोडलंय. घरी पहिली दोन वर्षं तरी काही सोय असेल तरच नोकरी सोडा.

मग तरी यायचं का? या. जातीचंच बघा. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या डर्बनमधल्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जिवाचं रान केलं, तरी अंतिम मसुद्यात जात आली नाही. पण पुढच्याच वर्षी वंशभेदविरोधी समितीने जनरल रिकमेंडेशन २९ काढून सांगितलं की करारातल्या 'डिसेंट' (descent, जन्माने आलेलं कूळ) या शब्दात जातही येते. जातीभेदाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कने २००८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांत बसता-बोलता यावं म्हणून, सल्लागार दर्जासाठी अर्ज केला, तिथल्या १९ देशांच्या समितीत तो वर्षानुवर्षं प्रश्न विचारून लटकवला, आणि २०२२ च्या डिसेंबरात दर्जा मिळाला. कुणीतरी इतकी वर्षं उत्तरं लिहीत बसलं होतं. आणि करार नुसते कागद असते तर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या विशाखा निकालात, भारताने १९९३ ला मान्य केलेल्या स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेतला नसता.

त्या मुलाच्या प्रकरणात वकीलबाईंनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार दाखल केली, पैसे घेतले नाहीत. माझ्या आठ महिन्यांच्या मसुद्यातली दोन पानं त्यांना वापरता आली, घटनाक्रमाची. तारखा अजून पडतायत. आदल्या रात्री आईचा मला फोन येतो, "ताई, उद्या आहे ना?" मी डायरी बघून हो म्हणते, आणि सकाळच्या एसटीने निघते.