प्रचारात उतरताय? आधी मतदार यादी हातात घ्या

विधानसभेच्या प्रचारात पहिल्यांदा काम करायला गेलो तेव्हा वाटलं होतं, आपल्याला भाषणं लिहायला मिळतील. कार्यालयात पोचलो तर बूथप्रमुखांनी यादीचा एक भाग आणि लाल पेन हातात ठेवलं. "हा भाग तुझा. घर अन् घर फिरून ये, मग बोलू." त्या भागात हजारावर नावं होती. आता कुणी नवीन मुलगा-मुलगी प्रचारात यायचं म्हणाले की मीही त्यांना हेच काम देतो.

यादी घेऊन दारात उभं राहिलं की कागदावरची नावं आणि घरातली माणसं यांत किती अंतर आहे ते कळतं. कुणी मयत, कुणी लग्न होऊन सासरी गेलेली, कुणाचं नाव दुबार. प्रत्येक नावापुढे खूण करायची. मुलगा पुण्या-मुंबईला असेल तर मतदानाला येणार का, हे आईलाच विचारायचं. आईला बरोबर माहीत असतं.

एका घरात आजींनी दार उघडलं. यादीत आजोबांचं नाव होतं, आजींचं नव्हतं. त्या आत गेल्या, पिशवीतून मतदार ओळखपत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे बघ की, आहे माझं." ओळखपत्र असलं म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही, हे त्यांना समजावताना माझा आवाज निघेना. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घालता येत नाही. ती मुदत संपली होती. आमच्यापैकी कुणी सहा महिने आधी त्या गल्लीत फिरलं असतं, तर नाव नोंदवायचा अर्ज, म्हणजे नमुना ६, भरून काम झालं असतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की प्रचार आचारसंहिता लागल्यावर सुरू होत नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, एवढं तोंडपाठ ठेवा. २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. कॉलेजातल्या मुलांना हे सांगत फिरा. तुमच्या भागातल्या बीएलओंशी, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांशी, ओळख ठेवा, त्यांच्याशी नीट बोला. ते कोणत्याही पक्षाचे नसतात आणि त्यांच्यामागे आधीच खूप काम असतं.

सभा, पदयात्रा, कोपरा सभा यांबद्दल फार सांगत नाही, ते बघून येतं. परवानगीचा कागद खिशात हवा आणि रात्री १० नंतर भोंगा बंद, एवढं पाळा. पत्रकं छापताना मात्र जपून. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता असावाच लागतो. नसला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एकदा माझ्या नजरेतून हे सुटलं. वाटप सुरू व्हायच्या आत लक्षात आलं, म्हणून निभावलं. सगळे गठ्ठे परत पाठवून नव्याने छापावे लागले.

आता खर्च. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं लागतं आणि खर्चाची वही रोजच्या रोज लिहावी लागते. सभेतल्या खुर्च्या, मंडप, चहा यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी ठरवलेले असतात. त्यांची माणसं सभेत येऊन मोजणी आणि चित्रीकरण करतात. तुमच्या वहीत २०० खुर्च्या आणि त्यांच्या नोंदीत ५०० असतील, तर उमेदवाराला नोटीस येते. म्हणून सभा उठायच्या आत खुर्च्या स्वतः मोजा आणि पावती त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी मंडपवाला सापडत नाही.

मतदानाच्या दिवशी माझं सगळं लक्ष मतदान केंद्रात बसणाऱ्या आमच्या उमेदवाराच्या प्रतिनिधींवर असतं. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होतं, त्यात किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात. आपला माणूस तिथे झोपेतून उठून पोचलेला हवा, यासाठी मी पहाटे ४ ला फोन लावायला बसतो. संध्याकाळी नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचं नाही. एकूण किती मतं पडली आणि यंत्राचा क्रमांक काय, हे त्यावर असतं. मोजणीच्या दिवशी टेबलावर तोच कागद ताडून पाहायचा असतो.

निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो, जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्यालाही. न देणारा तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हरलेल्या कार्यालयातून माणसं दुसऱ्या दिवशीच पांगतात. तेव्हा पावत्यांचा गठ्ठा आणि ती वही घेऊन बसायला कुणीतरी लागतं. ते काम तुमच्याकडे आलं तर नाही म्हणू नका.