ग्रेट ओशन रोडच्या गावांना निवांत जायचंय? मग या चुका टाळा

मेलबर्नला राहायला लागल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा असते, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये तोच बेत असतो: सकाळी सातला निघायचं, ग्रेट ओशन रोड, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचा रस्ता, करायचा, रात्री जेवायला घरी. अष्टविनायक दोन दिवसांत उरकतात तसा हा रस्ता उरकायला बघतात. कृपा करून असं करू नका.

टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड हा रस्ता सुमारे २४० किलोमीटरचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो कुदळ-फावड्यांनी कड्याला खोदून काढला. त्यामुळे लॉर्न ते अपोलो बे या गावांदरम्यान एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि वळणामागून वळण. वेग घेताच येत नाही. मेलबर्नहून ट्वेल्व्ह अपोस्टल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके, बघून आतल्या रस्त्याने परतायचं म्हटलं, तरी दिवसाला पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात.

साताऱ्याहून मावशी आणि काका आले, तेव्हा जुलै होता. दोन गाड्या होत्या. पुढची भाड्याची, ती माझा मावसभाऊ चालवत होता. यादीत चौदा ठिकाणं. लॉर्नच्या पुढे मावशीला वळणांनी उलट्या सुरू झाल्या, तरी "अजून एकच पॉइंट" चालूच. अपोस्टल्सला पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. वारा असा की मावशीला कठडा धरून उभं राहावं लागलं. दहा मिनिटांत फोटो काढून निघालो. सव्वापाचला सूर्य मावळला.

सिम्पसनवरून कोलाककडे येताना कुरणाच्या कडेने एक कांगारू थेट पुढच्या गाडीसमोर आला. भावाने स्टिअरिंग फिरवलं. कांगारूला धडक बसलीच, वर गाडी चरात उतरली. बॉनेट वाकलं, रेडिएटरमधून हिरवं पाणी रस्त्यावर सांडत होतं आणि माझ्या फोनला रेंज नव्हती. टो ट्रक यायला अडीच तास लागले. मावशी मागच्या सीटवर शाल गुंडाळून काहीही न बोलता बसून होती. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडी मुक्कामाला लागलीच पाहिजे. कांगारू आणि वॉलबी (कांगारूचाच छोटा भाऊबंद) चरायला निघतात ते संध्याकाळी आणि पहाटे. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. भाड्याची गाडी घेताना प्राण्याची धडक विम्यात बसते का, हे काउंटरवरच वाचा. "बघू नंतर" म्हणणारे नंतर फार पैसे भरतात.

दुसरी चूक समुद्राची, आणि ती जिवावर बेतते. किनाऱ्यावर लाटा फुटताना दिसतात आणि मध्येच एक पट्टा गडद, शांत असतो. आपल्याला वाटतं, पोरांना घेऊन उतरायला हीच जागा बरी. तोच पट्टा रिप, म्हणजे पाण्याला आत ओढ असलेली जागा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा. झेंडे नसतील तर पाण्यात जाऊ नका, घोट्याएवढ्यासुद्धा नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करा. किनाऱ्यावरच्याने ०००ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करायचा. गणपतीपुळ्याला पोहलोय म्हणून इथे चालेल, असं मला कोणी सांगू नये.

जेवण: छोट्या गावात पबचं किचन आठला बंद होतं, कॅफे तीनच्या सुमारास. सोमवारी-मंगळवारी तर बरीच दारं बंदच. मी डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर गाडीत ठेवतो, आणि मुक्काम घेताना शेगडी आहे का ते आधी विचारतो.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जानेवारीतही जॅकेट हवंच, कारण दुपारी चाळीस अंश असलं तरी दक्षिणेचा वारा फिरला की संध्याकाळी वीस. टोटल फायर बॅनच्या (वणव्याच्या धोक्यामुळे आगीवर बंदी असलेल्या) दिवशी उघड्यावर कोळसा पेटवू नका. पुढे साउथ ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर फळं सीमेआधी संपवा. ईस्टरचं बुकिंग मार्चमध्ये शोधणाऱ्यांना माझ्याकडे उपाय नाही.

आणि एकच गाव धरा, दोन रात्री राहा. त्या अपघातानंतर तीन वर्षांनी मावशी पुन्हा आली, तेव्हा आम्ही थेट आतल्या हायवेने, रस्ता संपतो त्याच्याही पुढे असलेल्या पोर्ट फेरी या गावी गेलो. साडेतीन-चार तास लागतात, वळणं नाहीत. सकाळी मॉइन नदीच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी बघत चहा घेतला, मग ग्रिफिथ्स आयलंडला पायी फेरी. १८५९च्या दीपगृहापर्यंत जाऊन यायला तास पुरतो, आम्ही सव्वादोन लावले. परतताना वाटेच्या कडेला एक वॉलबी गवत खात होती, हाताच्या अंतरावर. मावशी थांबली, काकांना खुणेने गप्प केलं आणि वॉलबी झुडपात जाईपर्यंत तशीच बघत उभी राहिली.