चवथीच्या आरतीसाठी ऑडिओ इंटरफेस घेण्यापूर्वी

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या कातडे लावलेल्या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटली जाणारी घुमट आरती घरच्या संगणकावर मुद्रित करायची असेल, तर ऑडिओ इंटरफेससाठी, म्हणजे माईकांचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रासाठी, दुकान गाठण्याआधी एकाच वेळी वाजणाऱ्या वाद्यांची आणि गळ्यांची मोजदाद कागदावर करावी. दोन घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), कासाळे (मोठ्या झांजा), पेटी, मुख्य गायक आणि झील धरणारे एवढा साधा संच धरला तरी सात माईक होतात; कासाळे मात्र न बोलावताच बाकीच्या सगळ्या माईकांत शिरतात, त्यामुळे त्यांचा माईक वगळला तर सहांत भागते.

मग खोक्यावरचा आकडा उलगडून पाहावा, कारण फसगत होते ती इथेच. बेरिंजरच्या यूएमसी१८२० ला १८ इनपुट असले, तरी माईक थेट जोडता येतील असे प्रीअँप (माईकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) ८ च आहेत. उरलेल्यांपैकी ८ एडॅट या ऑप्टिकल जोडणीचे, म्हणजे प्रीअँपचे आणखी एक यंत्र घेतल्यावरच उपयोगी पडणारे, आणि २ एसपीडीआयएफ या डिजिटल जोडणीचे. फोकसराइटच्या स्कार्लेट १८आय८ च्या नावातही १८ असून माईकचे प्रीअँप ४ आहेत. म्हणून किमतीला इनपुटांनी नव्हे, तर प्रीअँपांच्या संख्येने भागावे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असल्यास आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (यंत्र संगणकाशी कमी विलंबाने जोडणारे सॉफ्टवेअर) उपलब्ध आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे.

घुमट आणि शामेळ यांना डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारे) माईक पुरतात. पेटीला कंडेन्सर माईक लावणार असाल, तर त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलीतूनच जाणारी वीज, प्रत्येक इनपुटला वेगळी आहे की चारांच्या गटाला एकत्र, हे पाहावे. गायकाला स्वतःचा आवाज विलंबाविना ऐकू यावा यासाठी डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच ऐकण्याची सोय, हवीच. यूएसबी २.० ला कमी लेखू नये, आठ ट्रॅक ते सहज वाहून नेते. मात्र २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे ४ जीबी जागा लागते, ती डिस्कवर मोकळी ठेवावी.

चवथ भर पावसाळ्यात येते. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण आठ प्रीअँपच्या इंटरफेसला बहुधा स्वतंत्र वीज लागते, तेव्हा लहान यूपीएसचा खर्च आधीच धरावा, आणि त्यासोबत सहा स्टँड व सहा केबलींचाही, ज्यांचा हिशेब हमखास विसरला जातो. दमट हवेत घुमटाचे कातडे सैल पडते, त्यामुळे गेन, म्हणजे प्रीअँपने आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, आदल्या दिवशी न ठरवता घुमट शेकून झाल्यावरच ठरवावा.