१७६ की १९२? चीनमधलं बेकायदा निधी-उभारणीचं प्रकरण कसं वाचावं

चीनमध्ये लोकांचा पैसा गोळा करून बुडवल्याचा खटला समोर आला की आधी फौजदारी कायद्याचं कलम बघा. १७६ म्हणजे जनतेकडून बेकायदा ठेवी घेणं, १९२ म्हणजे निधी-उभारणीतली फसवणूक. जन्मठेप फक्त १९२ मध्ये आहे.

आधी चार खुणा तपासा: कायदेशीर परवानगी नाही, जाहीर प्रचार केला, मुद्दल-व्याज किंवा परताव्याचं वचन दिलं आणि पैसा कोणाही लोकांकडून घेतला. चारही लागतात. प्रचार न करता फक्त नातलगांकडून किंवा कंपनीतल्याच माणसांकडून घेतलेला पैसा यात धरत नाहीत.

मग रक्कम. १७६ साठी १० लाख युआन, १५० माणसं किंवा ५ लाख युआनचं थेट नुकसान, यातलं एक पुरतं. आधी शिक्षा झालेल्यांसारख्या काहींना मर्यादा याहून खाली आहे. १९२ ची सुरुवात १ लाख युआनपासून. १० लाखांवर सात वर्षं ते जन्मठेप.

खरी मेख हेतूत आहे. लबाडी नसली, धंदा प्रामाणिकपणे केला आणि बुडाला, तरी १७६ लागू शकतं. १९२ साठी पैसा गिळंकृत करायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि तो आरोपीच्या बोलण्यावरून नव्हे तर पैशाच्या वाटेवरून ठरतो: धंद्यात नगण्य रक्कम घातली, उधळपट्टी केली, पैसा घेऊन पळाला, हिशेबाच्या वह्या नष्ट केल्या, पैसा कुठे आहे ते सांगायला नकार दिला. म्हणून निकालपत्रात बँक खात्यांचा भाग आधी वाचा. एकाच टोळीत सूत्रधाराला १९२ आणि बाकीच्यांना १७६ लागलेलं दिसलं तर गोंधळू नका. हेतू प्रत्येकाचा वेगळा तपासतात.

बेरजेत हमखास चूक होते. १७६ मध्ये गोळा केलेली पूर्ण रक्कम धरतात, परत केलेली वजा होत नाही. १९२ मध्ये प्रकरण उघड होण्याआधी परत केलेली वजा होते. दलालांचं कमिशन आणि जाहिरातखर्च मात्र नाही. १७६ च्या आरोपीने पैसा मुख्यतः नेहमीच्या धंद्यात वापरला असेल आणि खटला दाखल होण्यापूर्वी परत केला, तर शिक्षा माफही होऊ शकते.

तारीखही बघा. १९२ खालची फाशी २०१५ च्या दुरुस्तीने गेली. याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या वू यिंग या उद्योजिकेला २००९ मध्ये ती सुनावली होती, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. आजच्या शिक्षा १ मार्च २०२१ पासूनच्या, वरचे आकडे १ मार्च २०२२ पासूनचे.

पैसे गुंतवणाऱ्याचं नुकसान सरकार भरून देत नाही. उलट त्याला मिळालेलं व्याजही वसूल होतं. मुद्दल अडकलं असेल तर त्यातून वळतं करतात.