मंगळवार-गुरुवारचा गॅफर: स्कॉटलंडच्या खालच्या फुटबॉल लीगमध्ये खेळाडूवरून मॅनेजर होताना

स्कॉटलंडच्या फुटबॉल लीगमध्ये ४२ क्लब आहेत. प्रीमियरशिपमध्ये १२, आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टूमध्ये प्रत्येकी १०. तळाच्या लीग टूमध्ये बहुतेक खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात, बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी. पैसा कमी हे सगळेच सांगतात; संघ निवडणाऱ्या आणि घडवणाऱ्या मॅनेजरला, म्हणजे तिथल्या भाषेत गॅफरला, खरी टंचाई भासते ती वेळेची.

तयारी खेळत असतानाच सुरू करा. युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, प्रशिक्षक-परवाने सी, बी, ए, प्रो अशा चढत्या पायऱ्यांनी मिळतात आणि अभ्यासक्रम स्कॉटिश एफए, म्हणजे तिथला फुटबॉल संघ, चालवते. बी परवान्याला किमान १२० तास लागतात, एला १८०, प्रोला ३६०. शिवाय ए मिळाल्यावर लगेच प्रोला बसता येत नाही, मध्ये निदान वर्षभर प्रशिक्षकाचं काम केलेलं लागतं. गुडघा कुरकुरू लागल्यावर नाव नोंदवणाऱ्याची ही वर्षं हातची जातात.

खेळाडू-मॅनेजर व्हा म्हणाले तर शक्यतो नकार द्या. मैदानात धावणाऱ्याला आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, दमलाय हे दिसत नाही, आणि स्वतःला बाहेर काढायचा निर्णय नेहमी उशिरा होतो.

संघ बांधताना आधी गोलरक्षक. पुढे मँचेस्टर युनायटेड गाजवणारे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९७४ मध्ये, ३२ व्या वर्षी, अर्धवेळ मॅनेजर म्हणून ईस्ट स्टर्लिंगशायरला आले तेव्हा क्लबकडे एकही गोलरक्षक नव्हता. दोन गोलरक्षक धरून १८ ते २० खेळाडू पुरतात. एखादा मोठ्या क्लबकडून उसना घेतलात तर तो क्लब त्याला मध्येच परत बोलावू शकतो का, हे सही करण्याआधी वाचा. आणि प्रत्येकाला विचारा: कामावरून सुटतोस किती वाजता, सरावाला पोचायला किती वेळ लागतो? पायात कला असलेला, पण दर मंगळवारी अर्धा तास उशिरा येणारा मिडफिल्डर अख्ख्या संघाची घडी मोडतो.

मंगळवारी ७५ मिनिटं: १५ वॉर्म-अप, २० छोट्या चौकोनात पासिंग, उरलेली ४० लहान मैदानावर सामना. चेंडूशिवाय नुसतं पळवू नका. आठ तास विटा रचून आलेल्या माणसाच्या मांडीचा मागचा स्नायू तिथेच धरतो. गुरुवारी तासभर पुरे, त्यातली २५ मिनिटं कॉर्नर आणि फ्री किकला द्या. कमी सरावात गुण मिळवून देणारी याच्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

पेनल्टीचा सराव जुलैतच हवा. मोसम लीग कपच्या गटसामन्यांनी उघडतो आणि तिथे बरोबरी झाली की शूटआउट होतं. जिंकणाऱ्याला एक जादा गुण मिळतो.

दोन संध्याकाळींतून किती उभं राहतं ते आर्ब्रोथ या अर्धवेळ क्लबने दाखवलं. स्वतः खालच्या लीगमध्ये खेळलेले त्यांचे मॅनेजर डिक कॅम्पबेल यांनी २०१७ मध्ये लीग टू आणि २०१९ मध्ये लीग वन जिंकून दिली. २०२१-२२ मध्ये हाच अर्धवेळ संघ चॅम्पियनशिपमध्ये किलमारनॉकपाठोपाठ दुसरा आला आणि प्रीमियरशिपमध्ये चढण्याच्या प्ले-ऑफमध्ये इनव्हरनेसकडून पेनल्टीवर हरला. मन हळहळतं अजून!

आर्ब्रोथचं गेफील्ड मैदान समुद्राला अगदी खेटून आहे. तिथे पाहुणा संघ घेऊन जाल तेव्हा वॉर्म-अपआधी कॉर्नरचे झेंडे कुठे वाकतात ते बघून ठेवा. टॉस जिंकलात तर पाय ताजे असताना वाऱ्याविरुद्ध खेळणं बरं. गोल किक आखूड घ्या. २०१९ पासून चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही. उंच मारलेला चेंडू वारा परत आपल्याच बचावफळीवर आणून टाकतो. वारा पाठीशी आला की मुलांना लांब पास देण्याचा मोह होतो, आणि असा प्रत्येक पास आपल्या स्ट्रायकरला ओलांडून गोल लाइनबाहेर जातो. तेव्हा चेंडू पायातच ठेवायला सांगा, आणि कॉर्नर गोलच्या दिशेने आत वळवायला.