खुबा मोडला आणि जखमही उघडी असेल तर

एकतीस वर्षं मी पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. मोडलेल्या खुब्यांचा हिशोब ठेवला नाही. बहुतेक न्हाणीघरात घसरलेल्या आज्या असायच्या. पाय आखडलेला, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं, पण कातडी शाबूत. आजीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं तरी चालायचं.

उघड्या जखमेचं तसं नाही. खुब्यावर मांसाचा जाड थर असतो, त्यामुळे हाड तिथून सहसा बाहेर डोकावत नाही. तसं झालंच, तर मार जबरदस्त बसलाय असं धरून चालायचं: लोकलमधून पडणं, टेम्पोखाली येणं, परांचीवरून कोसळणं. अशा माणसाला डोक्यात, छातीत, पोटातही लागलेलं असू शकतं. सगळे त्या मांडीकडेच बघत राहतात आणि श्वास चाललाय का ते कुणी बघत नाही. आधी तो बघा.

हाड दिसलंच पाहिजे असंही नाही. पुष्कळदा ते बाहेर येऊन पुन्हा आत गेलेलं असतं. वर राहते बोटाच्या पेराएवढी चीर. त्यातून रक्त ठिबकत असेल आणि रक्तावर रश्श्याच्या तवंगासारखे चकाकते थेंब तरंगत असतील, तर ती हाडातली चरबी असते. “किरकोळ खरचटलंय” म्हणून आणलेल्या एका पोराच्या पँटवर मी हे थेंब पाहिले होते. पँट कापली तेव्हा कळलं. म्हणून कपडा ओढून काढू नका, कापा. जांघेकडे आणि ढुंगणाखालीही रक्त आहे का ते बघा, पण त्यासाठी माणसाला कुशीवर वळवू नका.

आता हळद. मस्जिद बंदरला हातगाडी आणि टेम्पोच्या मध्ये सापडलेला एक हमाल आला होता. मसाल्याचा बाजार, त्यामुळे दोस्तांनी जखमेत मूठभर हळद भरलेली. भावना चांगली होती, त्यांना काय बोलणार! पण ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होत होत्या आणि खालच्या बादलीत पाणी पिवळंच पडत होतं. लहान जखमेला साधारण ३ लिटर, मोठीला ९ लिटर सलाइनचा वॉश देतात. त्याला किती लागलं ते मोजायचं मी सोडून दिलं. स्नायूच्या धाग्याधाग्यात कण अडकले होते, ते सर चिमट्याने वेचत होते. हळद, चहापत्ती, पानाचा चुना, यातलं काहीही जखमेत घालू नका.

मग करायचं काय? १०८ ला फोन लावा. स्वच्छ सुती कापड जखमेवर झाका. रक्त वाहत असेल तर तळहाताने दाबून धरा, मात्र हाड बाहेर असेल तर हाडावर नाही, त्याच्या बाजूने. मांडीला दोरी आवळण्यात अर्थ नाही, खुब्याची जखम दोरीच्या वरच राहते. हाड आत ढकलायचं नाही, पाय ओढून सरळ करायचा नाही. जसा आहे तसाच ठेवून बाजूला चादरीच्या गुंडाळ्या लावा. पाणी, चहा, काहीच पाजू नका, भूल द्यायची असते. उचलताना चार माणसं आणि एक चादर, पायाकडे एक जण वेगळा. रस्त्यावरचा अपघात असेल तर मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलंय. तेव्हा घाबरून पळू नका.

दारात पोचल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा: लागलं किती वाजता, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलेलं बरं, त्याने जंतूंना आवर बसतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच वेळी. ऑपरेशनमध्ये मेलेलं मांस कापून जखम धुतात. घाण फार असेल तर लगेच आत प्लेट किंवा रॉड न घालता बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावतात आणि दोन दिवसांनी पुन्हा ओटीत नेतात. “एकदा झालं ना ऑपरेशन?” म्हणून नातेवाईक भांडायला येतात. भांडू नका, जखम शिवायची घाई महागात पडते.

घरी गेल्यावर टाक्यांतून पाणी, उग्र वास, ताप यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता जायचं. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर लगेच, कारण रक्ताची गुठळी असू शकते. तंबाखू बंद. मिश्रीसुद्धा. हाड जुळायला ती आडवी येते, आणि आमच्या लालबागच्या बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत! चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तोही भारतीय. डॉक्टर सांगेपर्यंत उकिडवं बसायचं नाही. मधे भोक असलेली खुर्ची आणून खाली भांडं ठेवा. पेशंट पहिल्या दिवशी लाजतो, तिसऱ्या दिवशी स्वतःच मागतो.

मोड खुब्याच्या मानेत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल टोकाखालच्या निमुळत्या भागात असेल, तर त्या टोकाचा, म्हणजे हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशा वेळी जखम छान भरते आणि वर्षभराने जांघेत दुखायला लागतं, कारण आत डोकं सुकत चाललेलं असतं. म्हणून चालता यायला लागलं तरी तपासणी सोडू नका. जुने एक्सरे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दर वेळी सोबत न्या. पावसात भिजून एकमेकांना चिकटलेल्या फिल्म मी पुष्कळ सोडवल्यात, त्यातलं काही दिसत नाही.